लूप वजा

मीटरकाकांना कोणी खऱ्या नावाने हाक मारली तर ते मागे वळून बघत, ही कोणाला हाक आहे म्हणून. इंटरनेट पुरवणाऱ्या एका मध्यम कंपनीत त्यांची बावीस वर्षं गेली होती. केबल तुटली की ती किती मीटरवर तुटली ते सांगायचं, हे त्यांच्या नोकरीचं सार. त्यामुळे फोन उचलला की समोरचा माणूस कसे आहात वगैरे न विचारता थेट म्हणे, "किती मीटर?" काका आकडा सांगत आणि तो बरोबर निघे. त्यांच्या आकड्यावर लोक डोळे झाकून रस्ता खोदत. अकरा वर्षांपूर्वी एकदाच तो चुकला होता, आणि ती चूक जगात फक्त काकांना माहीत होती. ज्याला ती भोवली त्यालासुद्धा कळली नव्हती.

लोकांना वाटतं इंटरनेट हवेतून येतं. काकांना याचा भारी राग. हवेतून येतात ती शेवटची दहा पावलं, ते म्हणत, राउटरपासून तुमच्या हातातल्या फोनपर्यंत. बाकी सगळा प्रवास जमिनीखालून. मोठ्या कंपनीची जाड केबल आमच्या सर्व्हर रूममध्ये येते, तिथल्या कपाटांमधून वाटणी होते, मग एकेक केबल एकेका वस्तीकडे निघते. केबलच्या पोटात केसाएवढ्या काचेच्या तारा, अठ्ठेचाळीस, आणि तारेतून धावतो फक्त उजेड. वस्तीच्या तोंडाशी एक डबा असतो, तिथे एका तारेतल्या उजेडाचे बत्तीस वाटे होतात आणि एकेक वाटा एकेका घरात जातो. तुम्ही घरात बसून सिनेमा बघता तेव्हा खरं तर शेजारच्या एकतीस घरांबरोबर एकाच दिव्याच्या उजेडात बसलेले असता. हे ऐकून माणसं "हो का" म्हणत आणि पासवर्ड विचारत.

वाटेत ठरावीक अंतरावर चेंबर असतात, म्हणजे झाकण घातलेले खड्डे. काही चेंबरांमध्ये जादा केबल वेटोळं करून ठेवतात, पुढेमागे तुटली तर जोडायला हाताशी असावी म्हणून. या वेटोळ्याला लूप म्हणतात. मोजायचं यंत्र सर्व्हर रूममधून तारेत उजेडाचा एक झटका सोडतं आणि तुटक्या टोकावरून तो परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर सांगतं. पण ते काचेची लांबी सांगतं, रस्त्याची नाही. दर लुपात वीस मीटर केबल गुंडाळलेली असली तर यंत्र तीही मोजतं. ती वजा केल्याशिवाय जो आकडा हाती येतो तो खोटा. म्हणून रजिस्टरमध्ये काकांनी स्वतः एक रकाना आखला होता: लूप वजा.

आकडा सांगायला काका आणि चेंबरात उतरायला घाऱ्या, अशी ती जोडी. घाऱ्याचे डोळे घारे होते म्हणून घाऱ्या, पण ते नुसते दिसायला घारे नव्हते. केसाएवढी तार तो चष्म्याशिवाय, एका दमात जोडून दाखवी. बोलणं कमी, खोड्या जास्त. काकांनी फोनवर आकडा सांगितला की तो उगाच म्हणे, "दोन मीटर कमी करा की, पाय दुखतायत." दहा वर्षं रोज हेच ऐकून काकांना हसू यायचं बंद झालं होतं, पण घाऱ्या रजेवर असला की दिवस अळणी जाई.

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास अडीच हजार घरं एकदम बंद पडली. शिवाय त्याच केबलवर एक इस्पितळ. साहेब काकांच्या खांद्याशी येऊन उभा राहिला आणि दर मिनिटाला घड्याळ बघू लागला. यंत्राने सांगितलं, तीन हजार दोनशे चाळीस. काकांनी रजिस्टर उघडलं, आकडा लिहिला, पेन पुढच्या रकान्याकडे नेलं, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे घाऱ्या, स्कूटरवर एक पाय टेकून निघायच्या तयारीत. "किती मीटर?" काकांनी यंत्राकडे बघितलं, रजिस्टरकडे नाही. दर एकशे ऐंशी मीटरला एक चेंबर, हा हिशेब त्यांना तोंडपाठ. "बत्तीसशे चाळीस. अठरा नंबर."

वाटेत नऊ लूप होते. नऊ वेळा वीस म्हणजे एकशे ऐंशी मीटर, म्हणजे बरोबर एक चेंबर. दोष सतरात होता.

अठरा नंबरचं चेंबर नाल्याच्या कडेला होतं. तिथली हवा वाईट, हे सगळ्यांना ठाऊक. झाकण काढून पंधरा मिनिटं थांबायचं, वर एक माणूस उभा ठेवायचा, मग उतरायचं, असा नियम. वर उभा राहणारा जोडीदार त्या दिवशी रजेवर होता. काकांनी सर्व्हर रूममधून तारेत लाल उजेड सोडला. हा लाल जिथे तार तुटलेली असते तिथे बाहेर झिरपतो आणि अंधारात ठिपक्यासारखा दिसतो, म्हणजे उतरलेल्या माणसाला शोधत बसावं लागत नाही. घाऱ्याने फोन कानाला लावलेला होता. त्याचा आवाज आतून, पिंपातून आल्यासारखा आला. "टाकला का लाल?"

"टाकला."

"अजून दिसत नाही."

मग तो काही बोलला नाही. चेंबरात रेंज जाते, हे नेहमीचंच. काका वाट बघत राहिले, मध्ये एकदा साहेबासाठी चहा आला त्यातला अर्धा कप त्यांनी घेतलासुद्धा. चाळीस मिनिटांनी त्यांचं लक्ष रजिस्टरकडे गेलं. तिसरा रकाना कोरा होता.

ते स्कूटर घेऊन पोचले तेव्हा रस्त्यावर माणसांचं कडं झालं होतं. त्या चाळीस मिनिटांत घाऱ्या त्या घाण हवेत वाकून, तारेवर तार उलटून, तिथे नसलेला ठिपका शोधत होता. चाळीस कसली, डॉक्टर म्हणाले, पाच-सात मिनिटांतच आटोपलं असेल. दुपारी साहेबाने केबल चालू करायला काकांनाच पाठवलं, कारण अडीच हजार घरं अजून बंदच होती. काकांनी सतराचं झाकण उचललं. खाली उंदरांनी कुरतडलेल्या जोडापाशी लाल ठिपका शांतपणे जळत होता. सकाळी सोडलेला उजेड बंद करायचं कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

चौकशीत साहेबाने विचारलं, "तू कुठलं चेंबर सांगितलं होतंस?"

"सतरा," काका म्हणाले.

एवढंच खोटं ते आयुष्यात बोलले, पण ते पुरलं. कागदावर लिहिलं गेलं की कर्मचारी घाईत चुकून पुढच्या चेंबरात उतरला, नियमाप्रमाणे थांबला नाही. घाऱ्याच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, साहेबाने घरी जाऊन हेच सांगितलं. काका शेजारी मान खाली घालून उभे होते. सगळ्यांना वाटलं, दोस्त गेल्याचं दुःख. दुःख होतंच, खोटं नव्हतं. पण त्याच्या बुडाशी दुसरं काय बसलंय ते कोणाला दिसत नव्हतं.

तेव्हापासून काकांचं बिनसलं ते बिनसलंच. वजाबाकी तीनदा करू लागले, मोठ्याने. झोपेतही नऊ वेळा वीस म्हणत. बायको म्हणे, "अहो, उशी आहे ती, केबल नाही." नाल्याकडच्या रस्त्याला ते जात नसत, त्यासाठी दीड किलोमीटरचा वळसा घेत. आणि लाल उजेडाचं बटण दाबलं की कानापाशी कोणीतरी वाकून श्वास घेतंय असं वाटे, आणि मग ते ठरलेले शब्द येत. अजून दिसत नाही. फोनवर दुसराच कोणी धडधाकट माणूस "दिसला, दिसला" म्हणून ओरडत असला, तरी काकांना आधी ते ऐकू येई. त्यांनी याबद्दल कोणाला सांगितलं नाही. वेड्यात काढतील ही भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती ही की कोणी विचारेल, तुम्हालाच का ऐकू येतं?

सर्व्हर रूममध्ये भिंतीवर मोठा पडदा आहे. कुठल्या वस्तीत कुठलं घर चालू, कुठलं बंद, त्यावर ओळीने दिसतं. वहिनींच्या घरचं कनेक्शन कर्मचाऱ्याचं म्हणून घाऱ्याच्या नावावर होतं आणि ते बदलायचं कोणी मनावर घेतलं नाही. रोज संध्याकाळी सहानंतर त्या ओळीत घाऱ्याचं पूर्ण नाव हिरवं होई. घाऱ्या चालू आहे. घाऱ्याने आता काहीतरी मागवलं, पंधरा मिनिटं काहीतरी बघितलं, रात्री बंद केलं. पलीकडे त्याची पोरगी अभ्यास करतेय हे काकांना माहीत होतं, तरी सहाच्या आत घरी जायची त्यांनी सवय लावून घेतली.

आणि तरीही दर पंधरवड्याला ते वहिनींकडे जात. राउटर पुसून देत, वायर सरळ करत, गरज नसताना वेग मोजून दाखवत. वहिनी चहा टाकत. पोरगी "काका आले" म्हणून दार उघडे. ती दहा वर्षांची होती तेव्हापासून काकांनी तिला वाढताना बघितलं. स्वतःला मूल नव्हतं, तेव्हा जीव गुंतायला वेळ लागला नाही. सांगून टाकावं असं त्यांना दर वेळी जिना चढताना वाटे, आणि दार उघडलं की वाटणं बंद होई. सांगितलं तर हे दार पुन्हा उघडणार नाही, एवढा साधा हिशेब होता. त्यात वजा करायला काही नव्हतं.

पोरगी शिकली, काकांनीच शब्द टाकला आणि ती त्यांच्याच कंपनीत लागली. कंपनीला हुक्की आली होती की सगळं नेटवर्क आता कॉम्प्युटरच्या नकाशावर चढवायचं: कुठे केबल, कुठे चेंबर, कुठे किती लूप. चेंबरांना नवे नंबर दिले गेले, जुने फक्त जुन्या रजिस्टरांत उरले. तारखांची डायरी वेगळी असायची आणि ती कधीच पाण्यात भिजून गेली होती. रजिस्टरात फक्त दोषाचा क्रमांक, यंत्राचा आकडा, लूप वजा, आणि दोष कुठे सापडला ते. पोरगी एकेक ओळ वाचून भरत होती आणि काका शेजारी बसून अडेल तिथे सांगत होते. महिनाभर हे चाललं. कुठल्या रजिस्टराच्या कुठल्या पानावर ती ओळ आहे हे काकांना न बघता माहीत होतं. रोज ते पान एकेक दिवसाने जवळ येत होतं.

मंगळवारी दुपारी जेवणानंतर ती त्या ओळीवर आली.

"काका, हे बघा ना. बत्तीसशे चाळीस लिहिलंय, आणि सापडलं सतरात. जुन्या नंबरांप्रमाणे बत्तीसशे चाळीसला अठरा यायला हवं." तिने खालीवर बघून लूप मोजले. ती बापासारखीच पटकन मोजे. "नऊ लूप. एकशे ऐंशी वजा करायचे राहिलेत. अख्ख्या रजिस्टरात एवढीच ओळ कोरी आहे. मी भरून टाकू?"

खोलीत एसीची घरघर चालू होती, कपाटातले हिरवे दिवे लुकलुकत होते. तिने पेन्सिल उचललेली होती, आधी रजिस्टर नीट करायचं आणि मग नकाशात घ्यायचं अशी तिची पद्धत. हो म्हणायला अर्धा क्षण लागला असता. जगात त्या चुकीची खूण म्हणून जी एक कोरी जागा उरली होती, ती घाऱ्याच्या पोरीने स्वतःच्या हाताने, मन लावून, सुबक अक्षरात भरून टाकली असती. काकांच्या मनात आलं, भरू दे. खरंच आलं. मग त्यांना स्वतःची इतकी किळस आली की खुर्ची मागे सरकली.

"भरू नकोस," ते म्हणाले. "तशीच राहू दे."

"पण चूक आहे ती."

"हो. चूक आहे." त्यांनी पिशवी उचलली. "मी जरा तुझ्या आईकडे जाऊन येतो."

"आत्ता? बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

"तू नेहमीच्या वेळेला घरी ये. कुठे थांबू नकोस," ते म्हणाले आणि निघाले. वळसा घ्यायचं त्या दिवशी त्यांना सुचलं नाही. नाल्याच्या कडेने गेले, अठराच्या झाकणावरून एक बाई भाजीची पिशवी घेऊन चालत होती, आणि काका तिच्या मागून गेले.

वहिनी घरीच होत्या, कपड्यांच्या घड्या घालत. अवेळी आलेले बघून त्यांनी आधी विचारलं, "पोरगी बरी आहे ना?" काका बरी आहे म्हणाले आणि बसले नाहीत. उभ्याउभ्याच त्यांनी सांगितलं. यंत्राचा आकडा, नऊ लूप, फोन, अठरा. साहेबाला सतरा सांगितलं ते. लाल ठिपका कुठे सापडला ते. मध्ये एकदाही त्यांनी साहेब खांद्याशी उभा होता असं म्हटलं नाही. "सतरातली हवा चांगली होती, वहिनी. तिथे तो न थांबता उतरला असता तरी घरी आला असता. त्याला अठरात मी पाठवलं."

वहिनी हातातला टॉवेल घडी घालायच्या बेतात होत्या. त्यांनी ती घडी पूर्ण केली. रडतील, अंगावर येतील, चालते व्हा म्हणतील, यातल्या प्रत्येकाची काकांनी अकरा वर्षं तयारी केली होती. वहिनींनी विचारलं, "मग ते घाईमुळे गेले नाहीत?"

"घाई असेल. पण घाईमुळे नाही."

"साहेब म्हणाले होते, घाई केली म्हणून."

"ते माझ्या खोट्यावरून म्हणाले."

वहिनी खाली बसल्या. कपड्यांवरच बसल्या. बोलू लागल्या तेव्हा त्यांचा आवाज काकांना ओळखू येईना.

"त्या दिवशी ही शाळेत ओकली होती. शाळेतून मला फोन आला, मी ह्यांना केला. म्हटलं, हातातलं पटकन आटपा आणि हिला घेऊन या, मला सुटी मिळत नाहीये. दोनदा केला फोन. दुसऱ्यांदा मी चिडून बोलले. साहेब घाई म्हणाले आणि मला कळलं कशाची घाई ते. अकरा वर्षं झाली भाऊजी. मी रोज तो फोन करते."

आपल्या कानापाशी एक आवाज राहतो म्हणून काका स्वतःची कीव करत आले होते. इथे, ज्या घरी ते पंधरा दिवसांनी चहा प्यायला येत, त्याच घरात दुसरा आवाज राहत होता, आणि तो त्यांनीच आणून सोडला होता. चुकीने नव्हे. चूक पाच सेकंदांची होती. हा सोडला होता तो न बोलून, दर पंधरवड्याला, जाणूनबुजून.

"एवढंच नाही," वहिनी म्हणाल्या. आता त्या थेट काकांकडे बघत होत्या आणि त्या नजरेत माफी नव्हती, तिची शक्यताही नव्हती. "तिनेही ऐकलं होतं साहेबांचं. बारा वर्षांची असताना एकदा मला विचारलं, आई, मी आजारी पडले नसते तर बाबा घाई करणार नव्हते ना? मी काय सांगणार होते? मला तर वाटत होतं ते खरंच आहे. मी तिला नाही म्हटलं नाही. जवळ घेतलं आणि गप्प बसले. तिने परत कधी विचारलं नाही."

काकांनी तोंडावर हात दाबला.

"तुम्ही चहा प्यायचात," वहिनी म्हणाल्या. "ती शेजारी बसून गृहपाठ करायची, आणि तुम्ही चहा प्यायचात."

काकांनी दाराकडे बघितलं, आपण आता जावं असं त्यांना वाटलं. त्यांनी चपलेत पाय घातला.

"कुठे निघालात?" वहिनी म्हणाल्या. "बसा तिथे. तिला मी सांगणार नाही. माझ्या तोंडून तिला वाटेल, आई समजूत काढतेय. ती येईपर्यंत थांबायचं, आणि तुम्ही सांगायचं."

काका बसले. वहिनींनी उरलेल्या घड्या घातल्या, कपाटात लावल्या, पाणी भरलं. काकांना पाणी विचारलं नाही. सहा वाजून गेले तशी जिन्यात पावलं वाजली आणि कुलपात किल्ली फिरली. पोरगी आत आली. काकांकडे बघितलं, मग आईकडे, आणि तिचा चेहरा उतरला.

"काय झालं?"

"बॅग नंतर ठेव," वहिनी म्हणाल्या. "काकांना तुला काही सांगायचंय."

काका उठून उभे राहिले. सुरुवात कुठून करायची ते त्यांनी दोन तास जुळवलं होतं, यंत्र, रजिस्टर, आकडा, ओळीने. तिच्याकडे बघितल्यावर ती सगळी जुळवाजुळव गेली, आणि जे सगळ्यात शेवटी यायचं होतं तेच आधी तोंडून आलं.

"बाळ, तू त्या दिवशी शाळेत आजारी पडली नसतीस ना, तरी मी त्याला अठरातच पाठवलं असतं."